कोरियनमध्ये थोरली, हौसामध्ये धाकटी

॥ श्री वाघजाई प्रसन्न ॥

भूगाव, नागपंचमी, २९ जुलै २०२५

. . . . . . . . . . . . . . . . .

वरची ओळ मुद्दाम कोरी सोडली आहे. तुला 'अनेक आशीर्वाद' लिहावेत, तर तू म्हणशील ही स्वतःला थोरली समजते. 'साष्टांग नमस्कार' लिहावा, तर मी धाकटी झाले, आणि तेही माझ्याच अक्षरात. तेव्हा मायन्याच्या जागी तुझ्या मनाला येईल ते भरून घे, मला कळवू नको.

वैशाखात पौडच्या लग्नात आपल्या दोघी जावांचं जे झालं, त्यानंतर मी वाघजाईपुढे दिवा लावून सांगितलं, की रेश्मा आपणहून आधी बोलल्याशिवाय मी तिच्याशी बोलणार नाही. तूही असंच काहीसं सांगितल्याचं कानावर आहे. पण मी 'बोलणार नाही' म्हटलं होतं, 'लिहिणार नाही' म्हटलं नव्हतं. पुन्हा पुन्हा आठवून पाहिलं, शब्द तेवढाच होता. त्यामुळे पत्राला देवीची हरकत नसावी. कागद दिनदर्शिकेच्या जुन्या पानाचा आहे, मागची बाजू चांगली कोरी असते, लोक उगीच फेकतात. पिरंगुटच्या बाजारात दोघे भाऊ भेटतातच. आमचे हे वाल्मीकभावजींच्या हाती देतील.

वाद पुन्हा काढत नाही. एवढंच म्हणते, की हळदीला 'थोरल्या सुनेनं पुढं यावं' अशी हाक आल्यावर मी पुढे गेले, यात माझं काय चुकलं? वयानं मी मोठी. या घरात मी आधी आले. वाल्मीकभावजी लष्करात होते म्हणून त्यांचं लग्न उशिरा झालं; मी माप ओलांडलं तेव्हा तू चौथीत पाढे म्हणत होतीस. तू थोरल्या भावाची बायको, हे खरं. पण वाटीत माझा हात असताना वरून हात घालायचा नसतो. वाटी कोणाच्या अंगावर सांडली ते लिहीत नाही, फोटोत आहे.

पत्राचं कारण वेगळंच. आपल्या आरोहीचं ठरतंय असं ऐकते. मला मुलगी नाही. तुझी मुलगी माझ्याकडे राहून कॉलेजला गेली, तिची वेणी मी घातली, आणि तिचं लग्न ठरल्याचं मला बाजारातून कळतं. ते असो.

तिची वरची खोली आता भाड्याने दिली आहे. मुलगी नायजेरियाची, कानो शहरातली, नाव हादिझा. लवळ्याच्या बाजूला एका कॉलेजात औषधांचं शिकते. पहाटे ती नमाजाला उठते, मी पूजेला, दोघींचे नळ एकदमच सुरू होतात, त्यातून ओळख झाली. तिची भाषा हौसा. ती मला रोज एक शब्द देते, मी तिला मराठीचा एक देते.

हौसाला वेगळी पाटी लागत नाही. एबीसीडीतच लिहितात, ती मी मॅट्रिकला शिकलेच आहे. दोनतीन अक्षरांना तेवढा गळासारखा आकडा फुटलेला असतो. दुनियेला दुनियाच म्हणतात. अडचण आवाजाची. तोच शब्द वरच्या पट्टीत एक आणि खालच्या पट्टीत दुसराच, आणि लिहिताना पट्टी कुठे दाखवत नाहीत. मी भजनाला बसते म्हणून मला जमतं. तुला जमलं नसतं.

पण त्यांची विचारपूस ऐकावी. सकाळी भेटलं की 'इना क्वाना', म्हणजे रात्र कशी गेली. मग 'इना गिदा', घर कसं आहे. 'इना आइकी', काम कसं आहे. आणि 'इना गाजिया', म्हणजे शीण कसा आहे. शीण विचारणारी भाषा मी पहिल्यांदाच पाहिली. आणि त्यांच्यात रीत अशी, की लहानानं मोठ्याला आधी विचारायचं.

इतकंच सुचवून थांबते.

सगुणा


मुळशी, १४ ऑगस्ट

मायना मीबी मोकळा सोडलाय. तुमचा मोकळा, माझा मोकळा, फिटंफाट.

पत्र पोचलं. ह्यांनी ते खिशात ठेवून सदरा धुवायला टाकला हुता. निम्मं निळं झालंय, पण टोमणे समदे वाचता आले. लावणी उरकली म्हणून आज हाताला चिखल न्हाई.

आरोहीचं ठरलंय. पोरगा पिरंगुटचा, घरचं दुकान हाय, माणसं बरी हायेत. तुमाला बाजारातनं कळलं म्हणून राग धरू नका. तोंड बंद हाय तर कळवायचं कशानं?

आन भाडेकरू काय तुमालाच मिळत्यात व्हय? आमच्या मागच्या खोलीत कोरियाचा माणूस राहतोय, चो साहेब. आरोही ज्या कारखान्यात हापिसात हाय, तितं मशिनी बसवायला आलाय. पिरंगुट सोडून इतक्या लांब का राहतोय, तर रविवारी धरणाच्या पाण्यात गळ टाकून बसता येतं. मासा लागला की सोडून देतो. आमी नुसतं बघत बसतो.

पहिल्याच दिवशी उंबऱ्यात उभं राहून त्यानं मला वय इचारलं. माझ्या हातात कालथा हुता. आरोही मदी पडली, म्हणाली, आई, थांब, त्यांना वाक्य संपवायचंय. त्यांच्यात समोरचं माणूस थोर का ल्हान ते कळल्याबिगर वाक्याची शेपटी लावता येत न्हाई. थोराला एक शेपटी, ल्हानाला दुसरी. मी वय सांगितलं तवा कुटं बिचाऱ्याचं वाक्य पुरं झालं. ते एवढंच हुतं, की पाणी मिळंल का.

भाषा लई सोपी. अक्षरं चोवीस. ती सुटी लिवत न्हाईत, दोनतीन मिळून एकेक डबा भरायचा, वर भाजी, खाली चपाती, तसा. मी लावणीच्या दिसांत बांधावर बसून शिकले. वाक्य आपल्यावानीच, 'मी भात खाते', क्रिया शेवटाला. तुमच्या हौसात 'मी खाते भात' असतंया म्हणं, इंग्रजीवानी. कोरियनमदी वर-खाली पट्टी न्हाई, बाई-बाप्याचा भेद न्हाई. फकस्त 'क' तीन परकारचा हाय, आपला एक, 'ख' एक, आन एक दात आवळून म्हणायचा. तो मला भांडताना आपसूक येतो. मोजणी मातुर दोनदा शिकावी लागती, वस्तूंची येगळी आन पैशांची येगळी. ते तुमाला लई आवडलं असतं.

आता मुद्द्याचं. जावेला त्यांच्यात दोन नावं हायेत. थोरल्या भावाची बायको ती ह्यंगनिम, धाकट्या भावाची ती तोंगसॉ. वय काय असंल ते असू दे. मी दोनदा इचारून घेतलं. तवा कोरियात तरी मीच थोरली हाय. ह्यावर काय म्हणणं असंल तर कळवा.

ह्यंगनिम रेश्मा


भूगाव, गौरी विसर्जन, २ सप्टेंबर

फाचालेस,

हा मायना कसा वाटतो ते सांग. खुलासा खाली आहे.

तुझं पत्र आरतीच्या ताटाखाली ठेवलं, आधी गौरी जेवू घातल्या, मग वाचलं. अगोदर वाचलं असतं तर पुरणात लक्ष लागलं नसतं.

कोरियाचा निकाल मला मान्य नाही. तिथे आपलं कोण आहे? मी हादिझाला समोर बसवून सगळं समजावलं. तिचं हिंदी आणि माझं इंग्रजी मिळून जेवढं बसलं तेवढं. हौसात जावेला वेगळा शब्द आहे, फाचाला. इंग्रजीत असा शब्द नाही, मॅट्रिकला मी फार शोधला होता. नणंद, भावजय, मेहुणी, जाऊ, सगळ्या एकाच पोत्यात. हौसा माणसांना जाऊ ही काय वस्तू असते याची कल्पना आहे. आणि तू माझी फाचाला, मीही तुझी फाचाला. थोरली-धाकटी त्या शब्दात नाही.

मग मी विचारलं, घरात मान कोणाला? ती म्हणाली, जी बाई घरात आधी आली ती 'उवरगिदा', म्हणजे घराची आई. मागाहून आलेली वयानं कितीही असो, उवरगिदा ती पहिलीच. मी तिला तिथल्या तिथे मोदकांचं ताट दिलं. माप कोणी आधी ओलांडलं ते तुला ठाऊक आहे. पुढे काही लिहीत नाही.

सोपं काय याबद्दल मात्र लिहिते. हौसात बाई-पुरुष भेद आहे, आपल्यासारखाच. नुसतं 'तू' म्हणायचं झालं तरी बाईचं 'तू' निराळं, पुरुषाचं निराळं. तुझ्या कोरियनमध्ये भेदच नाही म्हणतेस, मग बाईला आपण बाई आहोत हे कळावं कसं? एकाचे अनेक करणं मात्र हौसात कठीण आहे. प्रत्येक शब्द आपल्या मर्जीनं अनेक होतो, नियम सापडेपर्यंत नवा अपवाद उभा राहतो. दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानांवर मी ते शब्द उतरवून ठेवते, पान भरतं पण नियम काही निघत नाही. हादिझाचं मत असं, की आपल्या माणसाला वाचायला हौसा सोपी जाईल आणि वाक्य जुळवायला कोरियन. माझं मत असं, की माणूस जोडायला हौसा.

आणखी एक. तिची आई नवऱ्याचं नाव घेत नाही. मला अगदी घरच्यासारखं वाटलं. फक्त त्यांच्यात उखाणा नाही, त्यामुळे ते नाव जन्मभर तसंच आत राहतं.

उवरगिदा सगुणा


मुळशी, १६ सप्टेंबर

घराच्या आईस,

हसून हसून माझ्या कुशीत कळ आली. आरोहीनं हादिझाला फोन लावला. उवरगिदा म्हंजे पहिली बायको. एका नवऱ्याच्या दोघी-तिघी असल्या की त्यातली पहिली ती उवरगिदा. ते सवतींचं हाय, जावांचं न्हाई. तुमी बसल्या जागेवर आपल्याला सवती केलंत. केलंत ते केलंत, पण कुणाच्या? शंभूभावजींच्या का आमच्या ह्यांच्या, तेवढं कळवा, म्हंजे सांजचा सैपाक कुणाच्या आवडीचा करायचा ते मला ठरवाया बरं.

ह्यांना वाचून दाखवलं तर ते उठून गोठ्यात गेले.

आता हसणं बास. लग्न डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात धरलंय. हळद हितं मुळशीत. आरोही म्हणती, काकूचा हात पहिला लागल्याबिगर मी पाटावर बसणार न्हाई. मला इचारलं न्हाई, सांगितलं. मला वाईट वाटलं का, तर वाटलं. पण तिची वेणी तुमी घातली हे खोटं न्हाई.

अडचण आवतनाची हाय. पत्रिका पोस्टानं जाती ती लोकांना. जावेच्या दारात जावं लागतं, कुंकू लावावं लागतं आन तोंडानं 'लग्नाला यायचं' म्हणावं लागतं. त्याबिगर तुमी येणार न्हाई, मला ठाऊक हाय. आन मी तर देवीला शब्द दिलाय, की तुमी आधी बोलल्याबिगर मी बोलणार न्हाई. मुक्यानं कुंकू लावून गेले तर तुमी ते आवतन धरणार न्हाई.

मला दोन उपाय सुचलेत. एक, मी कोरियनमदी आवतन देते. शब्द देवीला मराठीत दिला हुता. दुसरा तुमच्या हौसातनंच घेतलाय. आरोही सांगती, त्यांच्यात दोघं भेटली की दोघंबी एकदमच 'सन्नू, सन्नू' सुरू करत्यात, आधी कोण आन मागनं कोण ते कळतबी न्हाई. तसं करू. दसऱ्याला सोनं द्यायला तुमी हितं या. चो साहेब एक, दोन, तीन म्हणंल, तीनला दोघी एकदम बोलू. आधी कुणीच न्हाई.

या. पुरणपोळी करते.

रेश्मा


भूगाव, दसरा, २ ऑक्टोबर

रेश्मास,

उवरगिदाचं वाचून मी हादिझाला दोन दिवस तोंड दाखवलं नाही. मला ते आधी ठाऊक होतं की नव्हतं, असं कृपा करून विचारू नको. सणाच्या दिवशी खोटं बोलायला लावू नये.

कोरियनचा उपाय चालणार नाही. देवीला सगळ्या भाषा येतात. जिला मुक्या जनावराचं कळतं, तिला कोरियन कळणार नाही असं धरून चालणं हे मला पाप वाटतं. माझ्या मनात हौसाचा विचार तुझ्या आधी आला होता, मी तो याच कारणानं सोडला.

दुसरा उपाय चांगला आहे. एकदम बोलण्यात कोणाचंच खाली जात नाही. पण आज दसऱ्याला माझं येणं झालं नाही. इथे कामं आहेत. दिवाळीपर्यंत तरी घर सोडता येईल असं दिसत नाही. तूही इकडे येऊ नको, घरात रंगकाम काढलं आहे, बसायला जागा नाही.

अक्षर वाकडं आलं आहे ते मांडीवर उशी घेऊन लिहिल्यामुळे. हल्ली टेबल लांब पडतं. हादिझा सकाळ-संध्याकाळ खाली येऊन शीण कसा आहे विचारते आणि भाकऱ्याही तीच थापते. तिची भाकरी गोल होत नाही, पण भाजते नीट.

सोनं पाठवते आहे. सोन्यासारखी राहा.

सगुणा


मुळशी, ११ ऑक्टोबर

सगुणाबाईंना,

कळलं. कामं असत्यात. रंगकाम असतंया. पोरीचं लग्न काय, दर साली येतंच.

दसऱ्याला पुरण घालून मी दोन वेळा फाट्यापर्यंत बघून आले. आरोही म्हणाली, आई, काकू येणार न्हाईत, तू आत ये. तिला आधीच ठाऊक हुतं. म्हंजे तुमी तिला सांगितलंत आन मला न्हाई.

आमीच यायचं, आमीच आधी तोंड उघडायचं आन आमीच वाकायचं असं मनात असंल तर तसं सरळ लिवा, रंगाच्या डब्याआड लपू नका. पत्रिका छापून आली की एक पोस्टानं धाडते. आरोहीची समजूत मी काढीन, न्हाई निघाली तर तीबी माझीच पोर हाय.

चो साहेब दिवाळीआधी कारखान्याच्या गाडीनं भूगाववरनं जाणार हाय. त्याच्या हाती जुना आंबेमोहोर धाडते. तांदळाचं आन माझं भांडण न्हाई.

रेश्मा


भूगाव, भाऊबीजेचा दुसरा दिवस, २४ ऑक्टोबर

सौ. रेश्माबाई यांस,

तुम्ही त्या दिवशी येऊन गेलात, चहा घेतलात, बरं वाटलं.

हे 'तुम्ही' का, ते सांगते. चो साहेबांनी मला कोरियाच्या कायद्याचा उरलेला निम्मा भाग सांगितला, जो आपण ऑगस्टच्या पत्रात लिहायला विसरलात. थोरल्या भावाची बायको ह्यंगनिम खरी, पण ती वयानं लहान असली तर दोघींनी एकमेकींशी मानानंच बोलायचं असतं. म्हणून प्रयत्न करून पाहिला. चार ओळींत दम लागला. बँकेच्या साहेबाला अर्ज लिहिल्यासारखं वाटतं. तू म्हणते.

आता मूळ गोष्ट. आमचे हे बाजारातून ऐकून आले, की तू मुळशीत सांगतेस, सगुणा आधी बोलली. म्हणून काय झालं ते क्रमानं लिहून ठेवते.

अनंत चतुर्दशीनंतर गच्चीवर शेवाळावरून माझा पाय सरकला आणि घोट्यापाशी मोडला. प्लास्टर घातलं. रंगकाम वगैरे काही नव्हतं. मी ह्यांना शपथ घातली, हादिझाला घातली, आरोही फोनवर रडली तरी तिलाही घातली, की रेश्माला कळता कामा नये. कळलं असतं तर तू धावत आली असतीस. पाय मोडला म्हणून बोललीस, असं मला नको होतं. मला रेश्मा हवी होती, दया नको होती. सगळ्यांना शपथ घालून झाली. चो साहेबांना तेवढी राहिली, कारण शपथेला कोरियनमध्ये काय म्हणतात ते मला माहीत नव्हतं.

ते तांदूळ घेऊन आले. वॉकर पाहिला, प्लास्टर पाहिलं, आणि आधी माझं वय विचारलं. मी सांगितल्याबरोबर उठून उभे राहिले आणि चहाचा कप दोन्ही हातांनी धरला. या घरात माझा चहा असा कोणी घेतला नव्हता. मग मोबाइलवर भाषांतर करून तो कायदा सांगितला आणि वाकून नमस्कार करून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारावर थाप पडली. मी आतून म्हटलं, 'कोण आहे?' दार नुसतं लोटलेलं होतं. तू आत आलीस. माझ्या पायाकडे पाहिलंस. आणि म्हणालीस, "याया जिकी?"

हौसात आजाऱ्याला असं विचारतात, अंग कसं आहे. पट्टी साफ चुकली होती. मी म्हटलं, "दा साउकी." उतार आहे. त्यानंतर तू मराठीत जे बोललीस ते इथे लिहिण्यासारखं नाही, शेजारच्या गॅलरीत लोक आले होते. मग कुंकू लावलंस आणि 'लग्नाला यायचं' म्हणालीस.

आता तूच सांग, आधी कोण बोललं? 'कोण आहे' हे मी दाराला म्हटलं. ते तर मांजराच्या चाहुलीलाही म्हणतात. ते बोलणं धरत नाहीत. देवीपुढे माझा शब्द राहिला, आणि मुळशीत हे नीट सांगावं, ही विनंती.

सगुणा


मुळशी, ३० ऑक्टोबर

जाऊबाई,

मला तुमी 'तुमी' म्हणू नका. वाचून वाटलं माझ्या हातनं काय चोरीमारी झालीया. कायद्याचा निम्मा भाग मी गाळला, मान्य हाय. तुमच्या सवतीपेक्षा बरा.

तुमाला चो साहेबाचं कौतुक वाटतंया, पण माझे काय हाल झाले ते ऐका. भूगाववरनं आला, पाटावर बसला आन सांगाया लागला. मला आता कोरियन थोडं कळतंया. पण त्यानं तुमच्यासाठी एवढ्या मानाच्या शेपट्या लावल्या, की मला वाटलं कुण्या मंत्र्याचा पाय मोडला. मी म्हटलं, अरं अरं, वाईट झालं, आन त्याला आणखी भात वाढला. निम्मं जेवण झाल्यावर ध्यानात आलं, की पाय आमच्या घरचा हाय. आरोहीकडं बघितलं तर ती खाली मान घालून ताटात बोटं फिरवत हुती. त्या राती मी तिच्याशीबी बोलले न्हाई. आमच्या घरात आता बोलायला तो चो साहेब तेवढा राहिला हुता.

हौसाचं ते वाक्य सकाळी तिनंच शिकवलं. सबंद रस्ता एसटीत घोकत आले. पिरंगुटला शेजारचा माणूस उठून दुसऱ्या बाकावर गेला. हौसा कशापायी, तर शब्द चुकवायला न्हाई. देवीला समदं कळतं हे तुमीच लिवलं हुतं, ते मला पटलं. पण मराठीत तोंड उघडलं तर आधी भांडण बाहेर येईल का रडू, ह्याचा मला भरवसा नव्हता. परकी भाषा बरी. तिच्यात मला तेवढं एकच वाक्य येत हुतं, त्यामुळं दुसरं काय निघायची भीती नव्हती.

आता 'कोण आहे'चं. मी मुळशीत सांगितलं ते चेष्टेनं न्हाई. तुमच्या दारात मी लई वेळ हुते. थाप मारली आन वाटलं, ही आता दार उघडून म्हणंल, आता कशाला आलीस. दसऱ्याला बोलावलं तर आली न्हाई, हिला कुटं माझी गरज हाय. दिवाळीचं दारात तमाशा नको म्हणून माघारी फिरले. पायरी उतरले हुते. तवा आतनं आलं. 'कोण आहे?' तुमी दूधवाल्याला, पोस्टमनला असं म्हणत न्हाई, मी ऐकलंय, तुमी भांडण काढल्यावानी म्हणता. हे लई मऊ हुतं. म्हणून मी वळले. ते आलं नसतं तर मी पुढची एसटी धरून मुळशीला आले असते आन मग लग्नाची पत्रिका पोस्टानंच गेली असती.

पण तुमचा शब्द देवीपुढं खाली पडायला नको. माझा पडला तर पडू दे, मी तिला नारळ देईन. तुमाला पायजे असंल तर लिवून देते, आधी रेश्मा बोलली. गावातबी तसंच सांगते.

हळदीला कारखान्याची गाडी येईल. खुर्चीसकट उचलू. हादिझालाबी घेऊन या, तिला भाकरी गोल करायला शिकवते.

रेश्मा


भूगाव, तुळशीचं लग्न, २ नोव्हेंबर

रेश्मा,

काही लिहून देऊ नको. मुळशीत जे सांगितलंस तेच राहू दे, आणि कोणी विचारलं तर माझं नाव सांग. नारळ तू द्यायचा नाही, मी देईन. देवीला आज सकाळीच सगळं सांगून टाकलं आहे, तेव्हा तिच्याकडून तुला काही ऐकायला लागणार नाही.

पाय मोडल्यापासून माझा पलंग खिडकीशी लावलेला आहे. बसमधून उतरून ओठ हलवत येताना तू मला दिसलीस. फाटकापाशी थांबून पदर सारखा करताना दिसलीस. थाप मारून पायरी उतरलीस तेही मी पाहिलं.

कोण आहे ते मला माहीत होतं.

सगुणा